बरे वाटणे आणि बरे होणे

पाठ धरली, डोके दुखू लागले, नाक चोंदले किंवा प्रवासात गाडी लागली, तर आपल्याकडे डॉक्टरांच्या आधी शेजारपाजारचा सल्ला मिळतो. सुंठेचा लेप, ओव्याची पुरचुंडी, मिठाच्या गुळण्या ही त्यातली जुनी मंडळी. गेल्या काही दशकांत त्यांत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात दाबा म्हणजे डोके उतरेल. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर दाबा म्हणजे मळमळ थांबेल. तळपायाखाली लाकडी रूळ फिरवा म्हणजे सगळेच ठीक होईल. प्रदर्शनांतून विकल्या जाणाऱ्या टोकदार चपला आणि हातात धरायचे काटेरी गोळे हे याच घराण्यातले. या सर्वांचे मूळ चिनी वैद्यकात, विशेषतः ॲक्युपंक्चरमध्ये म्हणजे सूचीचिकित्सेत आहे.

शिक्षकांसमोर हा विषय बहुधा एका प्रश्नाच्या रूपाने येतो. "सर, हे खरे आहे का? माझ्या आजीला तर गुण आला." यावर 'सगळे थोतांड आहे' असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते शास्त्रीय नव्हे, कारण आजीला खरोखरच आराम पडलेला असतो. 'दोन हजार वर्षांचे ज्ञान चुकीचे कसे असेल?' हे उत्तरही शास्त्रीय नव्हे. योग्य उत्तरासाठी आपल्या भाषेतच एक उपयुक्त भेद आहे. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' हे आपण दोन वेगळे शब्दप्रयोग करतो. चिनी उपचारांची चिकित्सा करताना हा भेद शेवटपर्यंत हाताशी ठेवू या.

कल्पना आणि तिचा इतिहास

ॲक्युपंक्चरमागील कल्पना थोडक्यात अशी : शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. हा प्रवाह अडला किंवा त्याचा तोल गेला, की व्याधी निर्माण होते. या मार्गांवरील विशिष्ट बिंदूंवर सुई टोचून प्रवाह पूर्ववत करता येतो. पारंपरिक मांडणीत असे ३६१ बिंदू आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात या विचाराचा पाया आढळतो. त्या काळात रक्ताभिसरणाची किंवा मज्जासंस्थेची आजच्यासारखी माहिती कोणालाच नव्हती, हे लक्षात घेतले तर ही कल्पना मांडणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. मात्र शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली हे मार्ग आढळलेले नाहीत आणि 'ची' मोजणारे उपकरण कोणाला बनवता आलेले नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

'हजारो वर्षांची अखंड परंपरा' हे विधानही तपासून पाहण्यासारखे आहे. १८२२ साली चीनच्या दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सूचीचिकित्सा बंद करण्याचा आदेश दिला. १९२९ साली तेथील राष्ट्रवादी राजवटीपुढे पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांच्या तीव्र विरोधामुळे तो बारगळला. १९४९ नंतर माओंच्या राजवटीत या वैद्यकाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. अफाट लोकसंख्या आणि आधुनिक डॉक्टरांचा तुटवडा हे त्याचे एक मोठे कारण होते. आज जगभर शिकवली जाते ती 'पारंपरिक चिनी वैद्यक' ही सुटसुटीत चौकट बव्हंशी विसाव्या शतकाच्या मध्यावर घडवलेली आहे.

पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरची लाट उसळली ती १९७१ साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन त्या वर्षी जुलै महिन्यात पेकिंगमध्ये असताना त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांनी त्यावर लिहिलेला लेख गाजला आणि 'सुया टोचून, भूल न देता शस्त्रक्रिया झाली' अशी आख्यायिका पसरली. प्रत्यक्षात रेस्टन यांनीच लिहिले होते, की शस्त्रक्रिया नेहमीची भुलीची इंजेक्शने देऊन झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगल्यामुळे होणाऱ्या अस्वस्थतेसाठी. तासाभरात त्यांना आराम पडला. शस्त्रक्रियेनंतरचा असा फुगारा पुष्कळदा आपोआपही उतरतो. मग आराम सुयांनी पडला की वेळेने? एका रुग्णाच्या एका अनुभवावरून हे ठरवता येत नाही. आजीच्या अनुभवालाही हेच लागू आहे.

भारतातील आगमनाचा धागा महाराष्ट्राला स्पर्श करून जातो. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. बसूंनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये जाऊन ही पद्धती शिकून घेतली आणि भारतात आणली. पुढे कोटणीसांचे नावही तिच्या प्रचाराशी जोडले गेले. ते स्वतः मात्र आधुनिक वैद्यकाचे शल्यचिकित्सक होते आणि चीनमध्ये त्यांनी केले ते जखमी सैनिकांवरील शस्त्रक्रियांचे काम.

फाशांचा एक प्रयोग

'उपचार केला आणि आराम पडला' या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध असेलच असे नाही, हे वर्गात अगदी सहज दाखवता येते. साठ विद्यार्थ्यांना एकेक फासा टाकायला सांगा. पडलेला आकडा म्हणजे त्या दिवशीची डोकेदुखी असे समजा. ५ किंवा ६ पडले ते 'रुग्ण'. साधारण वीस जण निघतील. या रुग्णांनी अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात अर्धा मिनीट दाबावे आणि पुन्हा फासा टाकावा. वीसपैकी तेरा-चौदा जणांची 'डोकेदुखी' चार किंवा त्याहून खाली उतरलेली दिसेल. सत्तर टक्क्यांच्या आसपास गुण!

फाशाला बेचक्यात दाबल्याचे कळत नाही, हे मुलांना ठाऊक आहे. मग गुण कशाने आला? आपण उपचारासाठी निवडले तेच मुळी वाईट आकडे पडलेले. वाईट आकड्यानंतरचा आकडा बहुधा त्याहून बराच असतो. माणसाचेही असेच होते. पाठदुखी, अर्धशिशी, सांधेदुखी या व्याधी चढत-उतरत असतात आणि आपण उपचाराला जातो ते दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते काहीसे उतरणारच. सर्दी तर आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. आता वीस रुग्णांचे दोन गट करा. एका गटाने दाबावे, दुसऱ्याने नुसते बसावे. दोन्ही गटांना सारखाच गुण येतो, हे पाहिल्यावर 'तुलनेचा गट' कशासाठी लागतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सुईची परीक्षा कशी घ्यायची?

गोळीची परीक्षा घेणे त्यामानाने सोपे. तशीच दिसणारी पिठाची गोळी द्यायची. टोचलेली सुई लपवायची कशी? संशोधकांनी यावर काही युक्त्या काढल्या. भलत्याच ठिकाणी, अगदी वरवर सुई टोचणे ही एक. १९९८ साली जर्मनीत अशी बोथट सुई तयार झाली, की ती नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत मागे सरकते. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, पण ती त्वचेत शिरत नाही. मग रुग्णांचे तीन गट करायचे. एकाला खरी सूचीचिकित्सा, दुसऱ्याला आभासी आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार किंवा नुसती प्रतीक्षा. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखे ठरते.

या पद्धतीने झालेल्या काही मोठ्या चाचण्यांचे निकाल पाहू. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरील जर्मन चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले अशा रुग्णांचे प्रमाण खऱ्या उपचाराच्या गटात ५१ टक्के, आभासी उपचाराच्या गटात ५३ टक्के आणि नुसते थांबून राहिलेल्यांत १५ टक्के होते. २००७ साली जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचा निकाल आला. सहा महिन्यांनंतर गुण आलेल्यांचे प्रमाण खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, आभासी सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. २००९ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर एका गटाला सुईच्या नळीतून दात कोरायची काडी नुसती टेकवली होती. त्या गटालाही खऱ्या सुयांच्या गटांइतकाच आराम पडला आणि हे सर्व गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा पुढे होते.

या आकड्यांचे दोन अर्थ एकदमच वाचायला हवेत. पहिला : रुग्णांना आराम पडतो, तो बराच पडतो आणि कित्येकदा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक पडतो. दुसरा : सुई कोठे टोचली आणि ती आत शिरली की नाही, याने फारसा फरक पडत नाही. म्हणजेच ३६१ बिंदूंच्या नकाशाला या निकालांतून आधार मिळत नाही. नकाशातील रस्ता सोडून कोठूनही चालले तरी मुक्काम तोच येत असेल, तर नकाशा कशाचा होता, असा प्रश्न पडतो.

'फारसा' हा शब्द येथे मोजून वापरला आहे. २०१२ साली १७,९२२ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात खरी सुई आभासी सुईपेक्षा किंचित सरस ठरली. त्या संशोधकांनीच दिलेले उदाहरण असे : शंभरपैकी ६० इतके दुखणे असलेला रुग्ण सुयांविना ४३ वर, आभासी सुयांनी ३५ वर आणि खऱ्या सुयांनी ३० वर येईल. तेरा गुणांच्या सुधारणेत आठ गुण आभासी उपचाराचे आणि पाच खऱ्या सुईचे. हे पाच गुण तरी सुईचेच का? रुग्णाला खरी-खोटी सुई ओळखू येत नसली, तरी टोचणाऱ्याला ती ठाऊक असते आणि त्याच्या वागण्याबोलण्यातून ते झिरपू शकते. समर्थक हे पाच गुण सुईचे मानतात, टीकाकार या झिरपण्याचे. हा वाद अजून मिटलेला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९९८ सालच्या एका पाहणीत असे आढळले, की चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेल्या ॲक्युपंक्चरच्या सर्वच्या सर्व चाचण्या अनुकूल निघाल्या होत्या. एखाद्या शाळेचा निकाल दरवर्षी, प्रत्येक विषयात शंभर टक्के लागला, तर अनुभवी शिक्षक आधी परीक्षा कशी घेतली ते विचारतो. येथेही तसेच विचारायला हवे.

मेंदूतील अफू

१९७५ साली मेंदूत अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये सापडली. सुई टोचल्यावर ती स्रवतात असे प्रयोगांतून दिसू लागले, तेव्हा 'ॲक्युपंक्चर विज्ञानाने सिद्ध केले' असा डांगोरा पिटला गेला. पण १९७८ साली दात काढलेल्या रुग्णांवर एक सुंदर प्रयोग झाला. औषधी गुण नसलेले द्रव्य टोचूनही काहींचे दुखणे कमी झाले होते. या मेंदूतील द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध त्यांना देताच ते पुन्हा वाढले. म्हणजे नुसत्या विश्वासानेही हीच द्रव्ये स्रवतात. 'आभासी उपचाराचा आराम' हा रुग्णाचा खोटेपणा किंवा भोळसटपणा नसतो. त्यामागे शरीरक्रिया असते. मात्र याच कारणाने ही द्रव्ये स्रवली म्हणून 'ची'चे मार्ग सिद्ध होत नाहीत.

या आरामात सुईइतकाच, किंबहुना अधिक वाटा टोचणाऱ्या माणसाचा असावा. २००८ साली आतड्याच्या एका जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. सुया आभासीच होत्या. प्रतीक्षेतील रुग्णांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, मोजके बोलून सुया लावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि आस्थेने विचारपूस करून, धीर देऊन सुया लावलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. दोन-तीन मिनिटांत रुग्णाला मार्गी लावणाऱ्या आधुनिक दवाखान्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा असा आहे. चिनी उपचारांकडे लोक का वळतात, याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

दम्याची गोष्ट

मग आराम पडतो तर पडू द्या, बिघडले कोठे? थकव्यासाठी किंवा जुनाट पाठदुखीसाठी हा युक्तिवाद बऱ्याच अंशी मान्य करता येईल. दुखणे ही जाणीवच आहे. तेथे बरे वाटणे हाच बरे होण्याचा मोठा भाग असतो. सर्वच व्याधी अशा नसतात.

२०११ साली दम्याच्या रुग्णांवरील एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ३९ रुग्णांनी ती पूर्ण केली. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार प्रकार मिळाले : औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, आभासी सूचीचिकित्सा आणि काहीच नाही. नंतर दोन गोष्टी मोजल्या. 'किती बरे वाटते?' या प्रश्नाला रुग्णांनी दिलेल्या उत्तरांची सरासरी सुधारणा औषधाच्या पंपाने ५० टक्के, औषध नसलेल्या पंपाने ४५, आभासी सुयांनी ४६ आणि काहीच न करता २१ टक्के होती. दुसरी गोष्ट यंत्राने मोजली : एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा. ती औषधाच्या पंपाने २० टक्के वाढली. बाकी तिन्ही प्रकारांत सुमारे ७ टक्केच.

या चाचणीत खरी सुई वापरली नव्हती, त्यामुळे हा ॲक्युपंक्चरविरुद्धचा निकाल म्हणता येणार नाही. तिने मोजली ती उपचाराच्या विधीची ताकद आणि त्या ताकदीची मर्यादा. विधीने रुग्णाला औषधाइतकेच बरे वाटले, पण श्वासनलिका आवळलेल्याच राहिल्या. विद्यार्थ्यांना एकच चाचणी सांगायची असेल, तर ही सांगावी.

मळमळीचे मात्र वेगळे आहे. मनगटावरील त्या बिंदूला दाब किंवा सुई दिल्यास शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलट्या कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या २०१५ सालच्या एकत्रित आढाव्यात दिसले. आभासी उपचारापेक्षाही परिणाम अधिक होता. जे टिकले ते टिकले म्हणावे. कसोटी दोन्ही बाजूंना सारखीच लावायला हवी.

काढे आणि गोळ्या

चिनी वैद्यकाचे दुसरे अंग वनौषधींचे. तेथे भाषा बदलावी लागते, कारण वनस्पतींत खरीखुरी रसायने असतात. ती तारतात आणि मारतातही.

तारण्याचे थोर उदाहरण म्हणजे आर्टेमिसिनिन. हिवतापाच्या औषधासाठी चीनने १९६७ साली हाती घेतलेल्या प्रकल्पात तू योयो यांच्या गटाने दोन हजारांवर जुनी योगपत्रे जमवली. चौथ्या शतकातील एका ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असे अनुमान करून तू यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. १९७१ सालचा १९१ क्रमांकाचा अर्क प्राण्यांमध्ये शंभर टक्के गुणकारी ठरला. २०१५ साली तू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. येथे जुन्या ग्रंथाने सुगावा दिला. त्यानंतरचे काम मात्र गाळणी, मोजमाप, प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्या यांनी केले. त्याच शोधात इतर असंख्य अर्क नापास झाले, हेही विसरू नये.

मारण्याचे उदाहरण बेल्जियममधील आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पती घेणाऱ्या शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. एका वनस्पतीच्या जागी, नावाच्या साधर्म्यामुळे, ॲरिस्टोलोकिया प्रजातीची वनस्पती वापरली गेली होती. पुढे अशा ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. ही प्रजाती चिनी परंपरेत कित्येक शतके वापरात होती. मग इतकी शतके कोणाच्या लक्षात कसे आले नाही? विष घेतल्यावर तासाभरात तडफडणारा माणूस परंपरेला दिसतो; काही वर्षांनी होणारा कर्करोग दिसत नाही. त्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात. आपल्याकडील ईश्वरी किंवा सापसण हीसुद्धा याच प्रजातीतील आहे, तेव्हा 'वनस्पती आहे, अपाय कसला?' हे वाक्य आपल्या घरातूनही जायला हवे.

कधीकधी 'नैसर्गिक' औषधाचा गुण निसर्गाचा नसतोच. १९९९ साली ब्रिटनमध्ये त्वचारोगावरील अकरा चिनी वनौषधी मलमे तपासली, तेव्हा आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले.

शिक्का आणि पुरावा

भारत सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदाही आहे. निर्जंतुक सुया, प्रशिक्षण आणि नोंदणी यांसाठी अशी नियमावली हवीच. चुकीच्या हातून टोचलेली सुई फुप्फुसापर्यंत जाऊ शकते आणि पुन्हा वापरलेल्या सुईने कावीळ पसरू शकते. मात्र कायद्याचा शिक्का म्हणजे परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. ब्रिटनमधील 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेचे उदाहरण बोलके आहे. तिने कंबरदुखीसाठी २००९ साली ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ साली ती मागे घेतली आणि २०२१ साली कारण न सापडणाऱ्या काही जुनाट वेदनांसाठी मर्यादित शिफारस केली. पुराव्यानुसार मत बदलत गेले आणि ते उघडपणे बदलले.

म्हणून विद्यार्थ्याला आजीच्या गुणाबद्दल उत्तर देताना त्याच्याकडूनच तीन प्रश्न काढून घ्यावेत. तुलना कोणाशी केली? काय मोजले, वाटणे की होणे? आणि या उपचारामुळे दुसरा कोणता उपचार थांबला का? आजीच्या गुडघ्याच्या बाबतीत ही उत्तरे काहीही आली, तरी फारसे बिघडत नाही. तिला सुया आवडत असतील आणि त्या निर्जंतुक असतील, तर तिला जाऊ द्यावे. गुडघ्याच्या गोळ्या आणि व्यायाम तेवढे चालू राहावेत. पण वर्गात दम्याचा विद्यार्थी असेल आणि हल्ली सुयांनी बरे वाटते म्हणून घरच्यांनी त्याचा पंप बंद केला असेल, तर शिक्षकाने त्याच दिवशी पालकांना बोलावून घ्यावे. त्यांना दम्याच्या चाचणीतील ते दोन आकडे दाखवावेत आणि मुलाच्या श्वासाची क्षमता डॉक्टरांकडून मोजून घेईपर्यंत पंप त्याच्या दप्तरात राहील, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे.